तेहतीस चित्रांची उडी

केशोरावांच्या ओसरीवर त्या सकाळी एकवीस इंची टीव्ही एक होता, डीव्हीडी प्लेअर एक, रिमोट एक (मागचं झाकण गेलेलं, सेल सायकलच्या ट्यूबने बांधलेले), तबकडी एक आणि तिच्यावर काठाकडून आत शिरलेला अडीच सेंटिमीटरचा ओरखडा एक. सतरंज्या तीन, गुंडाळून ठेवलेल्या. माणूस एकच, आणि ती सोनिका.

गेल्या अकरा दिवसांत हाच चित्रपट याच ओसरीवर चार वेळा अथपासून इतिपर्यंत लागला होता. पहिल्या दिवशी सव्वीस जण होते, शेवटच्या दिवशी नऊ. आज कुणीच नव्हतं, कारण सगळे गावाबाहेरच्या बांधीत गेले होते. धान कापून रिकाम्या झालेल्या त्या बांधीत मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, नाटकासाठी बुरूज उभा केला होता, आणि दुपारी बारा वाजता सोनिकाचा भाऊ धनेंद्र त्या बुरुजावरून बावीस फूट खाली उडी मारणार होता. आज तालीम, गुरुवारी मंडईत खरा प्रयोग.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून चार मिनिटं झाली होती. अकराला विजेची लाईन जायची, ती तीनपर्यंत यायची नाही. दोन हजार सात साली सालेकशाच्या बाजूला लाईन जायची वेळ लोकांना पंचांगासारखी पाठ होती.

सोनिका चित्रपट पाहायला आली नव्हती. सकाळी घरून निघताना धनेंद्र तिला म्हणाला होता, "सोनी, तेवढं पाहून ये. चक्कीवाला पडते तवा हात बाजूले ठेवते का छातीशी. मले ते नीट दिसलं नाही." म्हणून ती हात पाहायला आली होती.

चित्रपट इटलीचा होता, काळापांढरा, तिच्या वडिलांच्या लग्नाआधीचा. केशोरावांचा भाचा नागपूरला शिकायला होता, त्याने आणून दिलेला. नाव इटालियन, कुणाला वाचता येईना, म्हणून गावात त्याचं नाव 'इटलीवाला' पडलं. गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची होती. डोंगरावरच्या एका गावात जहागीरदार पिठावर कर बसवतो, लोक उठाव करतात आणि पाणचक्की चालवणारा तरुण शेवटी गढीच्या भिंतीवरून मागच्या मागे खाली पडतो. खाली इंग्रजी अक्षरं यायची. ती वाचून मराठीत सांगायचं काम सोनिकाकडे होतं, कारण यंदा बीएस्सी झालेली आणि पटपट वाचणारी तीच होती. त्यातली माणसं पीठ माखलेली असायची. त्यांचे हात खरे वाटायचे, सकाळच्या थंडीत घोड्यांच्या नाकातून वाफ निघायची. गव्हाची मळणी दिसली तेव्हा गावातला शेतकरी दुधराम म्हणाला होता, "त्यायचं खळं बी आपल्यासारखंच आहे गा," आणि तिथून पुढे इटली गावाला परकी राहिली नाही.

केशोराव झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं काढलेला माणूस. दर मंडईला गावचं नाटक तेच बसवायचे. मागल्या वर्षी शेजारच्या गावाने रंगमंचावर जिवंत घोडा आणला होता. घोड्याने राजाच्या भाषणात शेण टाकलं, तरी लोक वर्षभर घोड्याचंच नाव घेत राहिले. ते केशोरावांच्या मनात सलत होतं. चक्कीवाला भिंतीवरून पडला आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

"सोने, तू सायन्सवाली आहेस ना वो? मंग सांग, हा किती फुटावरून पडला?"

सोनिकाला असा प्रश्न आवडायचा. तिने मोबाईलमधलं घड्याळ लावलं. भिंतीवरून पाय सुटला की बटण, तणशीत, वाळल्या काडांच्या ढिगात, पडला की बटण. पाच वेळा मोजलं. सरासरी आली एक पूर्णांक तीन सेकंद. वहीच्या पाठीमागे तिने गणित केलं आणि म्हणाली, "सत्तावीस फूट. हवेचा विरोध सोडून."

तो 'हवेचा विरोध सोडून' तिला पुढे आठवला की कानशिलं तापायची.

"सत्तावीस," केशोराव म्हणाले. "इटलीवाल्याचं खाणंपिणं वेगळं. आपण पाच फूट सोडून देऊ."

बावीस फूट ठरले. धनेंद्र हो म्हणाला, कारण गावातला एकही पुरुष असा नव्हता ज्याने लहानपणी झाडावरून तणशीच्या ढिगावर उड्या मारल्या नव्हत्या. पुढच्या महिन्यात त्याची पोलीस भरती होती, पाय मजबूत होते, आणि छाती थोडी जास्तच फुगलेली. पत्रकं छापली. 'बावीस फुटी बुरुजावरून जिवंत उडी' असं ओरडत जीपवरचा भोंगा चौदा गावांतून फिरला.

सोनिकाने तबकडी घातली आणि ती जागा काढली. रिमोटवर एक बटण होतं, ते दाबलं की चित्र एकेक करून पुढे सरकायचं. ते आजवर कुणी दाबलं नव्हतं. टीव्हीवर एका सेकंदात पंचवीस चित्रं येतात हे तिला कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरमुळे माहीत होतं. तिने मोजायला सुरुवात केली, ती सवयीने.

पाय सुटला. एक. हात बाजूला होते. दोन, तीन, चार. हात बाजूलाच. नऊ.

दहाव्या चित्रात चक्कीवाला नव्हता.

दहाव्या चित्रात विहिरीवरची बाई होती. सोनिकाने ती चारही वेळा पाहिली होती. ती काही बोलत नसल्यामुळे मराठीत सांगायचं काही नव्हतं, म्हणून ती कधी मोजली नव्हती. डोक्याला फडकं बांधलेली, पन्नाशीची, हातात विहिरीचा दोर. तिची मान वर होती. चित्रागणिक मान खाली येत गेली. ओरडली नाही, तोंडही उघडलं नाही. फक्त दोरावरची बोटं आवळत गेली आणि डोळे वरून खाली आले, सावकाश, काहीतरी जड वस्तू उतरवल्यासारखे. चौदा चित्रं. मग तणस, आणि त्यात पडणारा चक्कीवाला. दहा चित्रं.

नऊ, चौदा, दहा. तेहतीस. भागिले पंचवीस म्हणजे एक पूर्णांक तीन. तिचं घड्याळ बरोबर होतं. तिने पडणं मोजलंच नव्हतं.

ती उठली, ओसरीच्या दाराला कडी लावली आणि पुन्हा बसली. कडी का लावली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

नऊ चित्रांत माणूस दोन फूट पडतो. तेवढं गणित तोंडी झालं. पण शेवटची दहा? तो वरून वेगात येत असेल, तर ती दहा चित्रं काहीच सिद्ध करत नाहीत. तिने कंपासपेटीतली पट्टी काढली आणि टीव्हीच्या काचेला लावली. चक्कीवाल्याच्या बुटाची टाच धरली. दर दोन चित्रांनी टाच किती उतरली ते लिहीत गेली: चार मिलिमीटर, बारा, एकवीस, सत्तावीस, छत्तीस.

तिने प्रत्येक आकड्याला चाराने भागलं. एक, तीन, पाच, सात, नऊ, मिलिमीटरभर इकडेतिकडे. स्थिर जागेवरून सुटलेली वस्तूच असं अंतर तोडते. बावीस-सत्तावीस फुटांवरून आलेला माणूस पहिल्या दोन-तीन चित्रांतच तणशीत गेला असता. हा माणूस पडद्याच्या वरच्या काठाला कशाला तरी लोंबकळत होता आणि त्याने हात सोडला होता. त्याच जागी आधी तो उभा असताना एकवीस सेंटिमीटरचा दिसत होता. साडेपाच फुटांचा माणूस धरला, तर पडला अडीच फुटांच्या जरासा वर.

दोन फूट, मग एक बाई, मग अडीच फूट. बाकीची सगळी उंची त्या बाईच्या मानेत होती.

ती शेवटचा आकडा पुन्हा तपासत असतानाच पडदा आकसून एक ठिपका झाला. लाईन आठ मिनिटं आधी गेली होती.

बांधी दीड किलोमीटरवर होती. सोनिका सायकलवरून उतरली तेव्हा धनेंद्र शिडीच्या अर्ध्यावर होता. बुरूज लाकडी बल्ल्यांचा, पुढून दगड रंगवलेलं कापड लावलेलं. पायथ्याशी यंदाच्या नव्या तणशीचा चार फूट उंच ढीग. लोखंडी पेटीवर गीताबाई पान लावत बसली होती. ती वडशाहून सहा प्रयोगांसाठी बोलावलेली नटी, पंचेचाळिशीची. नाटकात धनेंद्रची आई व्हायची आणि एरवी सगळ्यांचीच.

"थांबवा," सोनिका म्हणाली. "दादा, खाली उतर."

"काऊन गा?" केशोराव तिच्याकडे न पाहता म्हणाले. चिडले की ते बाईमाणसालाही 'गा' म्हणत.

"तो सत्तावीस फुटांवरून पडलाच नाही. वरून दोन फूट पडला. मग मधात विहिरीवरची बाई दाखवली. मग पुन्हा अडीच फुटांवरून पडला. वेगवेगळे तुकडे आहेत, जोडलेले."

"मंग बाकीचे फूट कोठी गेले?"

"ते नव्हतेच."

ढीग सारखा करणारे दोघे हसले. बैलगाडीला टेकलेला दुधराम म्हणाला, "बावीस फूट कोनं चोरून नेले मंग?"

केशोराव हसले नाहीत. "आमी तीस वर्षं नाटक केलं. लोकायच्या डोळ्यापुढं जे दिसते ते घडलं पायजे. मी माह्या डोळ्यानं त्याले पडताना पाह्यलं. चार डाव."

"मी बी पाह्यलं. मोजलं तेव्हा दिसलं की नाही पडला."

"बरं. सत्तावीस कोनं सांगतलं होतं?"

"मी."

"तवा चुकली का आता चुकून राहिली?"

"तवा."

"आन् शुक्रवारी येऊन म्हणशील, आता बी चुकली होती." केशोराव आवाज न चढवता बोलत होते, ते जास्त वाईट होतं. "दाखव मंग. चाल, टीव्ही लावू."

"लाईन गेली."

"हं," केशोराव म्हणाले.

 त्यांचा प्रश्न रास्त होता, हे सोनिकाला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं.

धनेंद्र एव्हाना वर पोचला होता. वरून म्हणाला, "सोनी, घरी जा. चौदा गावात भोंगा फिरला. बहीण रडली म्हणून उतरला म्हणतील."

"मी रडून नाही राहिली."

"म्हणतील तं तसंच."

"भरतीत पळशील कशानं? भोंग्यानं?"

"इटलीवाला दोन फूट पडू दे का वीस. आपण लहानपणी पडलो नाही का तणशीत? काय झालं?"

"तवा तू पंधरा किलोचा होता आणि झाड आठ फुटांचं."

तो उतरला नाही. वाऱ्याने बुरुजाचं कापड फुगलं आणि बल्ल्या करकरल्या.

सोनिकाने बैलगाडीकडे पाहिलं. दुधरामच्या नव्या धानाची चुंगडी, भरलेलं पोतं, गाडीत पडली होती, तोंड शिवलेली. "आधी ते टाकून पाहू. दादाच्या वजनाचं आहे."

दुधराम एकदम पुढे झाला. "लक्ष्मी वरतून फेकून पाहतं का वो? शिकली म्हणून काहीबी? अजून देवाले दाखवली नाही."

ती वरमली. तिला हे सुचायला नको होतं. "रिकामी चुंगडी आहे? रेती भरू."

रेती होती, बल्ल्यांच्या खड्ड्यांत घालायला आणलेली. धानखरेदीच्या काट्यावर धनेंद्रने भरतीसाठी वजन करून घेतलं होतं ते एकसष्ट किलो. काटा इथे नव्हता. बादली पंधरा लिटरची होती. कोरडी रेती लिटरला सोळाशे ग्रॅम. सोनिकाने अडीच बादल्या मोजून भरायला सांगितल्या आणि वर ओंजळभर.

"आन् याच्यानं काय कळन?" केशोराव म्हणाले. "रेतीले काय हाडं असतात?"

"तणशीच्या खाली ओल्या मातीचा थर देऊ, चार इंचांचा. वरून सपाट करू. तणशीनं चुंगडी झेलली तर माती सपाट राहील. मग दादा उडी मारू दे, मी बोलणार नाही. नाही झेलली तर मातीत दिसेल."

"थोडंफार तं दबनच. बोटभर धर."

"इंच धरू."

"इंच," केशोराव म्हणाले आणि वर पाहिलं. "का गा धनेंद्र?"

धनेंद्रने वरून अट घातली. "इंचाच्या वर गेली तं सिडीनं उतरतो. नाही गेली तं हिनं गुरुवारी पहिल्या रांगेत बसून पाह्यचं. डोळे न मिटता."

"बसेन," सोनिका म्हणाली.

आता तिलाच भीती वाटू लागली. पडण्याचा वेग तिला माहीत होता, दशांशापर्यंत. तणस किती दाब सोसते हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. चार फूट नवी, फुललेली तणस कदाचित पोतं अलगद झेलेलही. तिने स्वतःच्या तोंडाने भावाला उडीची परवानगी दिली होती.

दोघे तणस बाजूला करून माती कालवायला लागले. तेवढ्यात गीताबाईने पान तोंडात टाकलं आणि सोनिकाला जवळ बोलावलं. "बाई, ते विहिरीवालीचं काय म्हणत होती?"

"तिच्यामुळेच तो उंचावरून पडल्यासारखा वाटतो. तिचे डोळे खाली येतात म्हणून."

"मी तं तिलेच पाहत होती. पोरगं कोठी पडलं, मले ध्यानच नाही. चांगली बाई होती ते. दोर सोडला नाही तिनं." गीताबाईने पान गालात सरकवलं, उठली आणि बांधीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कुणाला काही न सांगता तिने बुरुजाच्या टोकाकडे मान वर केली. पदराचं टोक मुठीत धरलं. मग तिचे डोळे खाली यायला लागले. घाई नाही, आवाज नाही. मूठ आवळत गेली. नजर मातीवर येऊन थांबली आणि तिथेच राहिली.

माती कालवणाऱ्या दोघांनी मागे वळून जमिनीकडे पाहिलं. दुधरामनेही पाहिलं. केशोरावांची मानही खाली गेली होती.

"काय पाह्यलं केशोभाऊ?" गीताबाईने विचारलं.

"काही नाही."

"मंग मान कायले खाली गेली?"

केशोरावांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, रुमाल परत ठेवला.

वरून धनेंद्र म्हणाला, "गीताबाई, ते नाटक झालं. मी उडी कबूल केली आहे."

"मंग आपण काय करून राहिलो बाप्पा, कीर्तन?"

दुधराम हसला. धनेंद्र हसला नाही. त्याचा चेहरा खालून नीट दिसत नव्हता. दिसत होते ते फळीच्या काठावरचे त्याचे पाय. डाव्या पायाची बोटं फळीला घट्ट धरून होती.

मातीचा थर झाला. सोनिकाने तो पट्टीने सपाट केला, चारी बाजूंनी वाकून पाहिला. मग तणस पुन्हा चढवली. ढीग चार फूट भरला की नाही, ते केशोरावांनी स्वतः काठीने मोजलं आणि दोन भारे जास्तीचे टाकायला लावले. सोनिका त्याला हरकत घेणार होती, पण घेतली नाही. भाऊ उडी मारील तेव्हाही ते भारे असतील तर हिशेब तोच राहणार होता. तिने तेवढंच विचारलं, "काका, गुरुवारी बी एवढीच राहील ना?"

"एवढीच."

चुंगडीला दोर बांधला. खालून दोघांनी ढकललं, वरून धनेंद्रने ओढलं. बुरूज एका अंगाला झुकल्यासारखा झाला आणि सावरला. धनेंद्रने चुंगडी फळीच्या काठावर उभी केली. ती त्याच्या कमरेएवढी आली. दोघं शेजारी उभी होती, एकाच वजनाची.

सालेकशाकडून मालगाडी येत होती. केशोरावांनी हात वर करून थांबायची खूण केली. डबे मोजायची सोनिकाची लहानपणची सवय. आज तिने मोजले नाहीत. गाडी गेली. रुळांचा आवाज बराच वेळ बांधीत घुमत राहिला, मग तोही गेला.

"सोड," केशोराव म्हणाले.

धनेंद्रने दोन्ही हातांनी चुंगडी लोटली.

ती मागच्या मागे गेली, हवेत अर्धी वळली आणि तणशीत शिरली. आधी तणशीचा फस्सकन आवाज आला. त्याच्या पाठोपाठ, फार थोड्या अंतराने, दुसरा आवाज आला, खालून, बसका. ढिगातून धूळ उठली आणि नव्या तणशीचा वास पसरला. कुणी पुढे झालं नाही.

मग केशोराव गेले. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. गुडघ्यांवर बसून ते कवेकवेने तणस उपसून मागे टाकत राहिले. चुंगडी सापडली, तिची एका बाजूची शिवण उसवली होती आणि रेती पाझरत होती. दुधरामने आणि त्यांनी मिळून ती उचलून कडेला ठेवली. धनेंद्र वरच्या फळीवर बसून दोन्ही पाय खाली सोडून पाहत होता.

सोनिकाने उरलेल्या काड्या एकेक करून वेचल्या. खाली चुंगडीचा ठसा उमटला होता, विणीच्या धाग्यांसकट. तिने न दबलेल्या मातीच्या दोन काठांवर बांबूची सरळ कमची आडवी ठेवली, कमची हलत नाही याची खात्री केली आणि तिच्यापासून खाली इंची पट्टी धरली. तीन ठिकाणी मोजलं. केशोरावांनी वाकून प्रत्येक आकडा स्वतः वाचला आणि मोठ्याने सांगितला, वर ऐकू जाईल असा.

पावणेदोन. दोन. सव्वादोन.

सरासरी दोन इंच. ठरला होता एक.